जवळ्यांची वेस

साल एकोणीसशे शहाण्णव. त्याच्या आदल्याच ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेत, माझ्या तुम्पेंगला लागोपाठ तिसऱ्यांदा पहिलं बक्षीस मिळालं होतं, म्हणून सालाबद्दल माझी चूक व्हायची नाही. तुम्पेंग म्हणजे पिवळ्या भाताचा उंच सुळका. भात काय, सगळ्याच रचतात. मी भोवताली गाजराची कमळं मांडली होती आणि काकडीची मगर, मगरीच्या तोंडात लाल मिरचीची जीभ. परीक्षक म्हणून आलेल्या नगराध्यक्षांच्या बायकोने वाकून मगरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बू लास्मी, तुम्ही तर कलावंत आहात!"

तिने असं म्हणायला नको होतं. माणसं करणीने बिघडतात म्हणतात, मी त्या एका वाक्याने बिघडले. घरी आल्यावर भांडीसुद्धा मान जराशी तिरकी करून घासू लागले.

आमचं बंजारवती जावाच्या उत्तर किनाऱ्यावर. दोन सिनेमा थिएटरं, एक नगरपालिका, म्हणजे शहरच. आमची पासिरान वाडी त्याच्या पूर्वेच्या टोकाला. सुराबायाकडून येणाऱ्याला बंजारवतीचं पहिलं घर लागे ते आमच्या वाडीतलं, आणि घर दिसायच्या आधी वास लागे. वाडीत घरोघरी तेरासी व्हायची. जवळा मीठ लावून वाळवायचा, कुटायचा, आंबवायचा, पुन्हा उन्हात घालायचा आणि वड्या पाडायच्या. बसमध्ये डुलक्या घेणारी माणसं डोळे न उघडता म्हणायची, "आलं बंजारवती." पूर्वी वाडीच्या पलीकडे विटांचे दोन ठेंगणे खांब होते, ती शहराची वेस. हमरस्ता रुंद केला तेव्हा ते गेले. पुन्हा कोणी बांधले नाहीत. वास होताच.

आमच्या पुडक्यांवर माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून एकच शिक्का होता, 'अस्सल बंजारवती तेरासी'. त्यातल्या 'बंजारवती'वर सगळी वाडी जगत होती. पलीकडच्या गावातही तोच समुद्र, तोच जवळा, तेच मीठ. पण त्यांची वडी लोक निम्म्या भावाने मागायचे, कारण ते गाव बंजारवतीत नव्हतं.

त्या वर्षी को हेननी भाताच्या जुन्या गिरणीची जागा घेऊन तिथे मॉल बांधायला काढला. पूर्ण नाव हेंद्रवान, वडिलांचं बाजारात सायकलींचं दुकान, आम्ही सगळे त्यांना को हेन, म्हणजे हेनदादा, म्हणायचो. गिरणी आमच्या वाडीकडून शहरात शिरताना कालव्याचा पूल ओलांडला की लगेच. परवानगी देताना नगरपालिकेने अट घातली की शहराच्या तोंडाशी एवढं मोठं बांधताय, तर समोर रस्त्यावर स्वागताची एक कलाकृतीही उभी करा. ती ठरवायला समिती नेमली. समितीत महिलांचा प्रतिनिधी हवा होता आणि कलेतला जाणकार हवा होता. एक खुर्ची वाचली. दोघांच्या जागी मला बसवलं.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. मी त्यांना पाकने म्हणायची, म्हणजे पोरांचे बाबा, आणि ते मला बूने, पोरांची आई. ते अंगणात चटईवरचा जवळा उलटत होते.

"समितीत कशाला?"

"कलावंत म्हणून."

त्यांनी चटईची पुढची रांग उलटली. "बरं झालं. मग भात आता कोण लावणार, कलावंत?"

पहिल्या बैठकीला योग्याकार्ताहून मूर्तिकार आला होता, मास गानुंग; मास म्हणजे दादा. केस खांद्यापर्यंत, बोलणं हळू. त्याने टेबलावर नमुना ठेवला. पोलादाचे तीन वाकडे पत्रे, एकमेकांना टेकलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"समुद्रावरून येणारा वारा, बू."

"आमच्याकडे वारा येतो तो असाच येतो," मी म्हणाले. "गेल्या जानेवारीत मशिदीमागच्या शेडचे पत्रे नेमके असेच पडले होते. पण आम्ही ते उचलून ठेवले."

सगळे हसले. गाजराच्या कमळांवर मला एवढं हसू कधी मिळालं नव्हतं. त्या दिवसापासून मी समितीत दर वाक्यानंतर थोडं थांबायला लागले, लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून.

नगरपालिकेचे पाक विबिसोनो समितीचे प्रमुख होते. पाक म्हणजे साहेब, जसं बू म्हणजे बाई. खिशाला पेन तीन. त्यांना वारा चालला असता, बेडूकही चालला असता, फक्त त्यात सतरा, आठ आणि पंचेचाळीस यायला हवं होतं. सतरा ऑगस्ट पंचेचाळीस, आमच्या स्वातंत्र्याची तारीख. तेव्हाच्या लष्करी राजवटीत सरकारी काहीही उभं करायचं तर पायऱ्या सतरा, कोपरे आठ आणि उरलेलं काहीतरी पंचेचाळीस. कोणाला सांगावं लागत नसे.

"वाऱ्यात पंचेचाळीस कुठे बसवणार, मास?"

"वारा मोजत नाहीत, पाक."

"मग मंजूर कसा करतात?"

को हेनना मासा हवा होता. मासा म्हणजे भरभराट. पण त्याचं तोंड मॉलच्या दाराकडे हवं. पाक विबिसोनोंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सुराबायाहून येणाऱ्या पाहुण्याला पहिलं दर्शन शेपटाचं?"

"आणि तोंड बाहेर केलं तर माझी बरकत सुराबायाला पोहत जाईल, पाक. तिथे आधीच पुष्कळ आहे."

यावर दोन बैठका गेल्या. मासा फिरत राहिला. तिसऱ्या बैठकीत मी उठून उभी राहिले. बसूनही बोलता आलं असतं.

"जवळा करा," मी म्हणाले.

"जवळा?" मास गानुंगने नखाएवढं माप दाखवलं. "हा एवढा?"

"शहर त्याच्यावर जगतं. आणि कोणत्याही कोळ्याला विचारा, बिचकलेला जवळा पळतो कसा? मागे! तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. तोंड पाहुण्यांकडे ठेवा. तो पाठीपाठीने को हेनच्या दारात शिरतोय."

को हेननी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तो स्वागतही करतो आणि आतही येतो?"

"दोन्ही."

"पण बिचकलेला का आहे?" पाक विबिसोनोंनी विचारलं.

"बिचकलेला नाही. नम्र आहे."

टाळ्या पडल्या. मास गानुंगने तेवढं विचारलं की खाली त्याचं नाव कोरलंच पाहिजे का. मग बाकीचं भराभर ठरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जवळा, दोघांच्या मिशा वर जाऊन रस्त्यावर भेटणार, त्यांची कमान. मिशांना सतरा पेरं, पाय आठ, पाठीवर पंचेचाळीस खवले.

"जवळ्याला खवले नसतात," मी म्हणाले.

"याला असतील," पाक विबिसोनो म्हणाले.

कमानीला पाटी टांगायची, आणि ती दोन्ही बाजूंनी लिहायची, हीसुद्धा माझीच सूचना. येणाऱ्याला 'सलामत दातांग दी बंजारवती', म्हणजे बंजारवतीत सुखाने या. जाणाऱ्याला 'सलामत जालान', सुखरूप जा. "जाणाऱ्याला कोरडं कशाला पाठवायचं?" मी म्हटलं. माझ्या अगत्याचं फार कौतुक झालं.

टेबलावर जागेचा नकाशा पसरलेला होता. सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या, मीही केली. नकाशा पंख्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर माझा चहाचा ग्लास ठेवला होता. पासिरान वाडी त्या ग्लासाखाली होती.

काम सुरू झालं. बांबूच्या परांच्या, गोणपाट, सिमेंट, आत लोखंडी सांगाडा. मी रोज पूल ओलांडून तिथे जायची आणि छत्रीने वर दाखवत कारागिरांना मिशा शिकवायची. घरून जवळा मुठीत नेलेला असायचा, नमुना म्हणून. वाडीतली बूदे पाइनेम, सगळ्यांची मोठी मावशी, तेव्हा साठीची, जीभ माझ्या मगरीपेक्षा लाल, एकदा बाजारातून येताना थांबली.

"लास्मी, कोळंबी छान आहे."

"कोळंबी नाही, बूदे, जवळा आहे. डोळे बघा ना."

"एवढा मोठा केला की त्याला जवळा कोण म्हणेल, गं? मीठच पुरायचं नाही."

जुलैत उद्घाटन ठरलं. मी नवी केबाया शिवली आणि अंबाडा एवढा फुगवला की पाकनेंना मोटारसायकलच्या आरशात मागचं काही दिसेना. पाटी आदल्या संध्याकाळी टांगून पिवळ्या कापडाने झाकली होती. नगराध्यक्षांनी दोरी ओढून ती उघडायची होती. पण पहाटे समुद्रावरून वारा सुटला आणि आमच्या बाजूचं कापड उडवून घेऊन गेला. आपल्या पत्र्यांनी सूड घेतला, असं मास गानुंग नंतर म्हणाला.

आम्ही वाडीतून निघालो. पुलाच्या अलीकडूनच दोन जवळे दिसायला लागले. त्यांचे डोळे, मीच मोठे करायला लावलेले, सरळ आमच्यावर रोखलेले. मधोमध लाल अक्षरं. पाकनेंनी गाडी हळू केली आणि मोठ्यांदा वाचलं, "सलामत दातांग दी बंजारवती."

मी म्हटलं, "छान दिसतंय ना?"

"बूने, आपलं स्वागत करतायत."

"हो."

"आपण कुठून आलो?"

इतके महिने मी त्या जवळ्यांखाली उभी होते. नुसते जवळे होते तोवर ते रस्त्यावरचे जवळे होते. त्यांच्या मिशांना चार शब्द टांगले आणि ती वेस झाली. आणि मी, माझं घर, माझ्या चटया, सासऱ्यांचा शिक्का, सगळे वेशीबाहेर.

समारंभात माझ्या गळ्यात हार घातला. नगराध्यक्षांच्या बायकोने मला पुन्हा कलावंत म्हटलं. या वेळी ते कानाला टोचलं. वाडीच्या बायका चालत आल्या होत्या, परत जाताना मी त्यांच्याबरोबर निघाले. कमानीखालून बाहेर पडताना बूदे पाइनेम थांबली, वळली, वर पाहिलं.

"सलामत जालान. वा, लास्मी. जन्म बंजारवतीत काढला, कोणी निरोप दिला नव्हता. तू दिलास."

"पाटीच आहे ती, बूदे."

"हो गं. शिक्कासुद्धा शिक्काच असतो."

तिचं बोलणं पुढच्याच आठवड्यात खरं झालं. शहर पाहून सुराबायाकडे निघालेली जकार्ताची एक बस आमच्या दुकानांच्या ओळीपुढे थांबली. एक बाई उतरली, पुडकं हातात घेतलं, शिक्का वाचला आणि म्हणाली, "अस्सल बंजारवती? पण बंजारवती तर मागे संपलं ना? आत्ताच निरोप दिला आम्हाला." मी म्हटलं, "बाई, ती पाटी माझीच आहे." तिने पुडकं खाली ठेवलं. सेमारांगचा घाऊक व्यापारी तर कित्येक वर्षांचा, घरी जेवणारा. तोही नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बू, वेशीबाहेरच्या मालाचा भाव वेगळा लागतो, तुम्हाला माहीतच आहे." एवढी वर्षं त्याला वास आला नव्हता.

वाडीत मला कोणी काही बोललं नाही. विहिरीवर फक्त बायका मला आधी पाणी भरू द्यायच्या. "पाहुण्यांना थांबवू नये," म्हणायच्या.

मी नगरपालिकेत गेले.

"पाक, वेस हलवा. वाडीच्या पलीकडे न्या, जुन्या खांबांच्या जागी."

पाक विबिसोनोंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बू लास्मी, सतरा-आठ-पंचेचाळीस हलवायचं म्हणता? काय बोलताय, कळतंय का? स्वातंत्र्य उचलून चारशे मीटर मागे ठेवायचं?"

"मग पाटी काढा."

"मंजूर आहे ती. तुमचीच सही आहे. मी काय करू? जे मंजूर झालं त्याला मला हात लावता येत नाही, आणि त्यात तो आकडा असला तर नगराध्यक्षांनाही येत नाही. कोणालाच येत नाही."

शेवटचं वाक्य ते जरा दुःखाने बोलले. मी पायऱ्या उतरले, कालव्यापर्यंत आले आणि तिथे थबकले. कोणालाच येत नाही?

ऑगस्ट तोंडावर आला होता. ऑगस्टात आमच्याकडे प्रत्येक वाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी बांबूची कमान बांधते, रंग देते, झेंडे लावते, आणि महिना संपला की उतरवते. त्या संध्याकाळी मी बायकांना अंगणात बोलावलं.

"या वर्षी कमान गल्लीत नको. हमरस्त्यावर. विटांचे खांब होते तिथे."

"मिशा असतील का?" बूदे पाइनेमने विचारलं.

"नाही, बूदे."

"मग मी येते."

बांबू बरोबर सतरा घेतले. झेंडे आठ. नारळाच्या पात्यांचे जवळे विणले, ते पंचेचाळीस; बूदेने एक जास्त विणला होता, तो मी काढायला लावला तेव्हा तिनेही मला कलावंत म्हटलं, वेगळ्या सुरात. पाकनेंनी फळी रंगवली. बाहेरच्या बाजूला 'सलामत दातांग दी बंजारवती', आतल्या बाजूला 'सलामत जालान'. अक्षरं उजवीकडे उतरत गेली. मी तशीच टांगू दिली. माझं सरळ अक्षरांचं प्रेम संपलं होतं.

ऑगस्ट संपला. शहरातल्या सगळ्या कमानी उतरल्या. आमची तशीच होती. सप्टेंबरात एके सकाळी पाक विबिसोनोंची जीप येऊन थांबली. वाडी घराघरांतून बाहेर आली.

"बू लास्मी, महिना संपला. हे उतरवा."

"उतरवते, पाक. तुम्ही फक्त सांगा, आधी काय काढू? सतरा काढू, आठ काढू, का पंचेचाळीस?"

त्यांनी वर पाहिलं. ओठ हलत होते; मोजत होते. बांबू मोजले, झेंडे मोजले, मग वाऱ्यावर हलणारे जवळे मोजायला लागले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचा चालक झेंड्यांकडे बघून उगाचच ताठ उभा राहिला. मोजून झाल्यावर पाक विबिसोनोंनी एक पेन काढलं, परत खिशात ठेवलं.

"सगळे बरोबर आहेत," ते म्हणाले.

"कॉफी घेता?"

त्यांनी घेतली. जाताना जीपमधून मान बाहेर काढून म्हणाले, "दरवर्षी बांबू बदला. हे कुजलेलं दिसायला नको. माझ्यावर येईल."

तेव्हापासून सुराबायाहून येणाऱ्याचं बंजारवतीत दोनदा स्वागत होऊ लागलं आणि जाणाऱ्याला दोनदा निरोप. शहर फार अगत्याचं आहे, असं लोक म्हणायचे. सेमारांगच्या व्यापाऱ्याने रुमाल खिशात घातला. पुढच्या ऑगस्टात माझ्या तुम्पेंगला दुसरं बक्षीस मिळालं. मी मगर केली नव्हती.

मॉल झालाच नाही. सत्त्याण्णवात रुपिया कोसळला तेव्हा तीन मजल्यांचा सांगाडा उभा होता, तो तसाच राहिला. त्यात पाकोळ्यांनी घरटी केली, ज्यांच्या घरट्यांचं चिनी लोक सूप करतात त्या. को हेननी भोकं बुजवली, आत अंधार केला, कर्ण्यावर पाखरांचे आवाज लावले. दुकानांनी दिली नसती एवढी बरकत पाखरांनी दिली. "तुमचा जवळा आत शिरला, बू," ते मला म्हणाले होते, "फक्त पंख लावून शिरला." त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. आता त्यांची मुलगी पाहते.

राजवट गेल्यावर सतरा-आठ-पंचेचाळीस कोणी मागेनासं झालं. पाक विबिसोनो निवृत्त झाले. अजून तेरासीला येतात, आणि आधी कमानीखाली उभे राहून मोजतात. मास गानुंग मोठा झाला. राजधानीत एका इमारतीपुढे त्याचे तीन पत्रे उभे आहेत. मी फोटोत लगेच ओळखले. एकदा मुलीला घेऊन आला होता. जवळ्यांकडे बोट करून तिला म्हणाला, "हे माझे नाहीत. हे बू लास्मींचे." बूदे पाइनेम नव्वदीला टेकली आहे. दात नाहीत, जीभ आहे. मी तिच्याकडून उठले की ती आतून ओरडते, "सलामत जालान!"

नवा महामार्ग दक्षिणेकडून गेला. बस येत नाहीत. डावीकडच्या जवळ्याची एक मिशी तुटली, आता त्या भेटत नाहीत. पाटी एकीलाच लोंबते. बांबू आम्ही बदलतो.

पाकने दोन हजार चौदात गेले. दफनभूमी शहरात आहे, गिरणीच्या पुढे. वाडीतल्या पुरुषांनी तिरडी खांद्यावर घेतली, मी मागून चालत होते, बूदेने माझा दंड धरला होता. पूल ओलांडला आणि ते दोन जवळे समोर आले, रंग उडालेले, डोळे तसेच मोठे. पाकने त्या पाटीखालून आत गेले. सलामत दातांग. मला त्यांचा तो प्रश्न आठवला, 'आपण कुठून आलो?', आणि उत्तर आता मला येत होतं. पण सांगायला पुढे जायचं तर तिरडीपुढे जाता येत नाही.

परत येताना मी वर पाहिलं नाही. तिथे काय लिहिलंय ते मीच लिहायला लावलं होतं.